सशाने कण्हेर खाल्ली तर दूध पाजू नका

दीड किलोचा ससा, कुंपणाच्या कण्हेरीची दोन-तीन पानं कुरतडलेली, ससा अजून उड्या मारतोय आणि घरचे म्हणतात मीठ-पाणी, दूध पाजून ओकारी काढा.

ओकारी निघणार नाही. सशाला उलटी करताच येत नाही. जबरदस्तीने पाजलेलं मात्र फुप्फुसात जातं आणि दुसरंच दुखणं मागे लागतं. तूप, एरंडेलही नको.

'अजून उड्या मारतोय' यावर विसंबू नका. कण्हेरीचं पान, फूल, खोड, वाळलेला पालासुद्धा विषारी. विष थेट हृदयावर जातं, ठोके मंद आणि अनियमित होतात. लाळ गळणं, हगवण, गार पडलेले कान दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. तोंडात उरलेला पाला बोटाने काढा, कुरतडलेली फांदी पिशवीत घ्या आणि निघा. किती पानं गेली, किती वाजता, सशाचं वजन किती, हे कागदावर लिहून न्या.

आधी फोन करून विचारा, 'सशावर उपचार करता का?' पुष्कळ डॉक्टरांचा हात गायी-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. औषधी कोळसा (किलोमागे साधारण १ ग्रॅम) पहिल्या तास-दोन तासांतच खरा उपयोगी, तोही डॉक्टरच्या हातून. चुलीतला कोळसा उगाळू नका. ठोके मंद झाले तर डॉक्टरांना ठोके वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिन या औषधाची आठवण होते, पण बऱ्याच सशांच्या शरीरात ते फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे ते टिकत नाही. तिथे त्याच कामाचं ग्लायकोपायरोलेट बरं. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो, हे डॉक्टरांशी नम्रपणे पण नक्की बोला.

सोलापूरचा मे म्हणजे चाळिशीपार पारा. भर दुपारी दुचाकीवर उघड्या पिंजऱ्यातून नेऊ नका, रिक्षा करा. कान तापलेले असतील तर गारेगार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गार असतील तर ती काढा आणि अंगावर कापड घाला.

उंदीर मारायची विषारी वडी खाल्ली असेल तर गोष्ट वेगळी. रक्त गोठू न देणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाच्या वडीचा रक्तस्राव दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून 'काही झालं नाही' म्हणत बसू नका. त्यावर के जीवनसत्त्व आहे, पण आठवडे चालू ठेवावं लागतं. वेष्टन जपून न्या, कारण काळ्या पुडीतलं झिंक फॉस्फाईड निघालं तर हा उतारा चालत नाही. (लालसर लघवी दरवेळी रक्त नसते, बीट खाल्ल्यावरही होते. तरी दाखवा.)

आणि आपल्या सोलापूरची खास अडचण, टॉवेलचे दोरे. थोडे धागे लेंडीतून निघून जातात. लांब दोरे आतड्यात अडकले की लेंड्या बारीक होतात, मग थांबतात, पोट ढोलासारखं ताणतं. गुदद्वाराशी दोरा दिसला तर ओढू नका, आतलं आतडं फाटेल. पपई-अननसाने सुती धागा विरघळत नाही.

दवाखान्यातून आल्यावर वाळलं गवत आणि पाणी समोर ठेवा, लेंड्या मोजा. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी आली नाही, पाठ कुबडी करून दात कराकरा वाजवू लागला, तर सकाळची वाट बघू नका. पोट ताणलेलं नसेल आणि डॉक्टर म्हणाले तरच सिरिंजने पातळ भरवायचं, गालाच्या बाजूने, थेंब-थेंब.