मानसशास्त्रज्ञाच्या हाती प्रिस्क्रिप्शन पॅड

प्रश्न : मी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करते आहे. पुढे औषधं लिहून देण्याचा परवानाही घ्यायचा आहे. त्यासाठी काय काय करावं लागतं?

उत्तर : आधी राज्य ठरवा, मग कोर्स निवडा. बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच अडकतात. हा अधिकार मोजक्याच राज्यांत आहे : न्यू मेक्सिको (2002), लुइझियाना (2004), इलिनॉय (2014), आयोवा (2016), आयडाहो (2017), कोलोरॅडो (2023) आणि युटा (2024). अटी सगळीकडे सारख्या नाहीत.

डॉक्टरेट आणि मानसशास्त्रज्ञाचा नेहमीचा परवाना ही फक्त पहिली पायरी. त्यानंतर क्लिनिकल सायकोफार्माकॉलॉजीतलं (म्हणजे मानसिक आजारांवरच्या औषधांचं) पदव्युत्तर शिक्षण आणि त्याच विषयाची ‘पेप’ ही परीक्षा. न्यू मेक्सिकोचा कायदा किमान 450 तासांचं वर्गशिक्षण, शारीरिक तपासणी व रोगलक्षणांचं 80 तासांचं प्रात्यक्षिक आणि देखरेखीखाली किमान 100 रुग्णांसोबत 400 तासांचं काम मागतो. एवढं झालं की मिळतं ते सशर्त प्रमाणपत्र, दोन वर्षांचं. त्या काळात डॉक्टरच्या देखरेखीखालीच औषधं लिहायची, मग पूर्ण प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा.

देखरेख करणारा डॉक्टर शोधायला वेळ लागतो, म्हणून कोर्स चालू असतानाच लेखी होकार घ्या. तासांची नोंदही दर आठवड्याला सही करून घ्यावी. डॉक्टरची बदली झाली की जुन्या तासांवर सही मिळवताना नाकी नऊ येतात. आणखी एक बारीक गोष्ट : लुइझियानात 2010पासून हा कारभार वैद्यकीय मंडळाकडे आहे, मानसशास्त्रज्ञांच्या मंडळाकडे नाही.

प्रश्न : औषधांची नावं आणि डोस तर पाठ होतात. मग शरीरशास्त्रावर एवढा भर कशाला?

उत्तर : बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधाचंच घ्या. डोस चुकला नाही तरी रुग्णाला विषबाधा होऊ शकते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. सांधेदुखीसाठी रुग्णाने आयबुप्रोफेन हे वेदनाशामक सुरू केलं, किंवा जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, की रक्तातलं प्रमाण वर चढतं. नेहमीची पातळी साधारण 0.6 ते 1.2 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर. 1.5 ओलांडलं की हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं. म्हणजे सुरुवातीलाच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडची तपासणी हवी, आणि ‘दुसरं काय काय घेता?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत हवा, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांसकट. ही थरथर चिंतेची समजून आणखी एक गोळी वाढवली, तर मूळ कारण झाकलं जातं. म्हणूनच रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरशी संपर्क ठेवण्याची अट न्यू मेक्सिकोने कायद्यातच घातली आहे.

प्रश्न : एकदा परवाना मिळाला की कुठलंही औषध लिहिता येतं का?

उत्तर : नाही. अधिकार मानसिक आजारांपुरताच. रक्तदाबाची गोळी किंवा अँटिबायोटिक तुमच्या कक्षेत येत नाही. एडीएचडीसाठी (अवधान न टिकणं आणि अतिचंचलता) मेथिलफेनिडेटसारखं नियंत्रित औषध लिहायचं, तर राज्याने तशी परवानगी दिलेली हवी आणि डीईएची (अमेरिकेची केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणा) स्वतंत्र नोंदणीही हवी. राज्य बदललं तर औषधं लिहिण्याचा अधिकार सोबत येत नाही.