पहिला कॅमेरा: फिल्म की डिजिटल?

काकांचा जुना एसएलआर (लेन्स बदलता येणारा फिल्म कॅमेरा) हाती आलाय म्हणून फिल्मवरच शिकायचं म्हणतोयस, तर आधी हिशोब कर. रोल, धुलाई, स्कॅनिंग आणि जवळ लॅब नसेल तर कुरिअर, सगळ्याची बेरीज करून 36 ने भाग, कारण एका रोलमध्ये 36 फोटो. येईल तो एका क्लिकचा खर्च. फोटो फसला तरी तेवढाच!

शिकायला डिजिटलच बरं, अगदी सेकंडहँड घेतलास तरी. गोव्याच्या शिगम्यात घोडेमोडणीवाला (कमरेला लाकडी घोडा बांधलेला नर्तक) नाचतो तेव्हा 1/30 सेकंदाच्या शटर स्पीडवर पुसट होतो आणि 1/500 वर जागच्या जागी थिजतो, हे तिथल्या तिथे स्क्रीनवर कळतं. फिल्मवर रोल धुऊन येईपर्यंत कुठली सेटिंग होती तेच आठवत नाही.

फिल्मची गंमत आहेच, नाही म्हणत नाही. पणजीच्या चर्चची पांढरी भिंत भर दुपारी डिजिटलवर एकदा जळली, म्हणजे नुसती पांढरीफटक आली, की तपशील परत येत नाहीत, म्हणून एक्स्पोजर (आत येणारा उजेड) जरा कमी ठेवायचं. कलर निगेटिव्हला (नेहमीच्या रंगीत फिल्मला) उलट एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त दिलेला चालतो. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलट रंगांचं चित्र येतं ती) मात्र डिजिटलसारखीच हट्टी.

आणि आपला पावसाळा! लेन्सला बुरशी धरते, म्हणून चामड्याच्या केसमध्ये नको, ओलावा शोषणारं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेव. रोल फ्रिजमध्ये, वापरण्याआधी डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर काढून ठेवायचा. फोटो काढून झालेला रोल न धुता महिनोन् महिने पडू देऊ नकोस.

काकांच्या लेन्समधून टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशीच; रोल घेण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जा.