टिप्सचा स्टेंट: 'चालू आहे' एवढ्यावर थांबू नका, पहिला आकडा मिळवा

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुमच्या वडिलांना टिप्स (यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमधून थेट यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत जायला यकृतातूनच स्टेंटची, म्हणजे जाळीच्या नळीची, वाट करणं) करून वर्ष होत आलं, ओसरलेलं पोटातलं पाणी पुन्हा भरायला लागलंय आणि मालवणात केलेल्या डॉप्लरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) 'स्टेंट चालू आहे' एवढंच लिहिलंय. आमच्या ह्यांचं अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कडक होत जाण्याच्या आजाराच्या, पेशंटची बायको आहे. तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

'चालू आहे' म्हणजे स्टेंटमधून रक्त जातंय, बस. ते किती वेगाने जातंय हे कळायला हवं. साधारण सेकंदाला 90 ते 190 सेंटिमीटर वेग ठीक धरतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच माणसाचा सुरुवातीचा वेग. त्यात 50 च्या आसपास फरक पडला, वर किंवा खाली, तर स्टेंट कुठेतरी अरुंद झाला असावा अशी शंका घेतात. ह्यांचा वेग 105 आला होता. कागदावर नॉर्मलच की! आमच्या इथल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मात्र लगेच विचारलं, "पहिला किती होता?"

तो आमच्याकडे नव्हता. जिथे टिप्स झाली त्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर 'टिप्स केली, प्रकृती स्थिर' याच्यापुढे एक अक्षर नाही. स्टेंट कव्हर्ड (जाळीवर पातळ आवरण असलेला) की साधा, किती मिलिमीटरचा, टाकण्याआधी आणि नंतर दाब किती, काही नाही. रेकॉर्ड विभागाला फोन केला तर म्हणे समक्ष या. गेलो तर म्हणे अर्ज द्या, सही करणारे रजेवर आहेत. पुढच्या खेपेला म्हणे कार्डाची झेरॉक्स मिळेल, डॉप्लरचा रिपोर्ट आणि सीडी नाही. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी खिडकीपुढे उभं राहायचं आणि हात हलवत परत यायचं. तोवर इथे सुई घालून पाणी काढणं सुरूच. त्या काळात ह्यांच्या दंडावरचं मांस पार उतरलं, ते अजून पुरतं भरून आलेलं नाही. मला त्या खिडकीचा आजही संताप येतो. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ते 72 तासांत द्यायचं, असं मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत आहे. अर्ज लेखीच द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. पोच दाखवल्यावरच आमची सीडी बाहेर आली.

पहिला आकडा निघाला 165. म्हणजे 60 ने उतरला होता. मग दुसरीकडे पुन्हा मानेतून नळी घालून डाय सोडून बघितलं. स्टेंट कव्हर्ड होता, चांगला होता, पण वरचं टोक आखूड पडलेलं. यकृतातून बाहेर पडणारी शीर, हेपॅटिक व्हेन, जिथे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते तिथपर्यंत ते पोचलंच नव्हतं आणि मधला उघडा राहिलेला शिरेचा तुकडा आतून जाड होऊन आवळला होता. फुगा फुगवून तिथे आणखी एक कव्हर्ड स्टेंट जोडला, दोन्हीकडच्या दाबातला फरक 12 च्या (mmHg) खाली आणला. त्यानंतर पाणी हळूहळू ओसरलं.

कव्हर्ड स्टेंट आल्यापासून हे अरुंद होणं खूप कमी झालंय, हे खरं. साध्या जाळीच्या स्टेंटमध्ये तर वर्षाच्या आतच हा त्रास सर्रास व्हायचा. पण कव्हर जिथे पोचतच नाही तिथे त्याचा काय उपयोग? म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'वरचं टोक कुठपर्यंत गेलंय?' फोटोवर ते दाखवता येतं.

डॉप्लर पुन्हा करणार असाल तर उपाशीपोटी करा. स्टेंटच्या दोन्ही टोकांचा आणि मधला वेग, पोर्टल व्हेनचा वेग आणि यकृतातल्या तिच्या फांद्यांमध्ये रक्त कुठल्या दिशेने जातंय, हे सगळं लिहून मागा. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी करा, नाहीतर यंत्र आणि हात बदलला की आकडाही हलतो. आणि पोट फुगत असेल तर डॉप्लर कितीही चांगला दिसू दे, गप्प बसू नका. खरा निकाल नळी घालून दाब मोजल्यावरच लागतो.

स्टेंट पुन्हा मोकळा झाला की डोक्यावर परिणाम होण्याचा धोका वाढतो. ह्यांची सही वाकडी व्हायला लागली, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागे, तेव्हाच आम्ही ओळखलं. लॅक्टुलोज (त्यासाठीचं पोट साफ ठेवणारं औषध) चुकवू देऊ नका. शेजारीपाजारी मासे-डाळ बंद करा म्हणतील, ऐकू नका, अशा पेशंटला प्रोटीन लागतंच. ताजा बांगडा शिजवून खुशाल द्या. सुकट, खारा बोंबील, लोणचं, पापड मात्र घरातूनच हद्दपार करा, मिठाने पाणी भरतं.

आणि कालवं कच्ची किंवा अर्धी शिजलेली अजिबात नकोत. पायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरणंही नको. समुद्राच्या पाण्यातला एक जंतू लिव्हरच्या पेशंटला दोन दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. ताप येऊन पायावर फोड दिसले तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि खाडीत उतरल्याचं किंवा कालवं खाल्ल्याचं तिथे आधी सांगा.