'मानसशास्त्र' मधलं शास्त्र नक्की कुठलं?

प्रश्न असा आलाय की वास्तुशास्त्र, अंकशास्त्र, हस्तरेषाशास्त्र आणि मानसशास्त्र या सगळ्यांना एकच शेपूट का, मानसशास्त्र खरंच सायन्स असेल तर हिंदीवाल्यांसारखं मनोविज्ञान का म्हणू नये, आणि नसेल तर शास्त्र तरी कशाला म्हणायचं.

आधी शब्दाचं बघू. 'शास्' हा धातू, म्हणजे शिकवणे, आज्ञा करणे, ताब्यात ठेवणे. शासन, शिष्य, अनुशासन सगळी त्याचीच पिलावळ. तर शास्त्र म्हणजे मुळात नीट लावून दिलेले नियम, ते प्रयोगाने सिद्ध झालेत की नाही याच्याशी त्या शब्दाला काही देणंघेणं नव्हतं. म्हणून नाट्यशास्त्र आहे, पाकशास्त्र आहे, कामशास्त्र आहे. इंग्रजी शिक्षण आल्यावर सायन्सला शब्द हवा होता तेव्हा घरात होता तोच वापरला, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र वगैरे, आणि जुना अर्थ काही घराबाहेर गेला नाही, दोघं एकाच खोलीत राहतात. त्यामुळे शास्त्री म्हणजे मुहूर्त सांगणारे आणि शास्त्रज्ञ म्हणजे लॅबमधले. शास्त्रोक्त पूजा आणि शास्त्रशुद्ध व्यायाम. शास्त्रीय संगीत ऐकताना ते सायंटिफिक आहे का असं कोणी विचारत नाही. आणि 'शास्त्रापुरता एक लाडू घे' मध्ये तर शास्त्र म्हणजे नावापुरतंच!

बरं, विज्ञान म्हटलं की प्रश्न सुटतो असंही नाही. गीतेच्या सातव्या अध्यायाचं नाव ज्ञानविज्ञानयोग आहे, तिथे काही टेस्टट्यूब नाहीयेत. आणि २००१ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांत फलज्योतिषाचे कोर्स आणायचं ठरवलं तेव्हा नाव काय दिलं, तर ज्योतिर्विज्ञान. म्हणजे शेपूट बदललं की जात बदलते असं नाही, पाटी कोणीही रंगवू शकतो.

आता मुद्द्याचं. माझ्या मावसबहिणीने मागे मुलाच्या दहाही बोटांचे ठसे देऊन एक जाडजूड रंगीत फाइल आणली, मुलगा सातवीत, कुठल्या फील्डमध्ये जाईल ते त्यात लिहिलेलं, वर 'शास्त्रशुद्ध मानसशास्त्रीय चाचणी' असं ठळक. आत वाक्यं काय, तर याच्यात क्षमता भरपूर आहे पण ती पूर्ण वापरली जात नाही, कौतुक आवडतं पण टीका मनाला लागते, कधी बोलका तर कधी एकदम गप्प. ती म्हणे अगदी बरोब्बर आलंय. मी तोच परिच्छेद भाऊजींना तुमचा म्हणून वाचून दाखवला, ते चहा खाली ठेवून म्हणाले, करेक्ट, हे कोणी लिहिलं? त्यानंतर त्या घरात माझं फारसं स्वागत झालं नाही ते सोडा.

गंमत म्हणजे ही युक्ती उघडी पाडली ती मानसशास्त्रानेच. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि 'हे खास तुझं' म्हणून सगळ्यांच्या हातात एकच वर्णन दिलं, त्यातली वाक्यं बरीचशी राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली. वर्णन किती जुळतं याला पाचपैकी मार्क द्या म्हटल्यावर सरासरी आली ४.२६.

म्हणजे मानसशास्त्र एकदम स्वच्छ का, तर अजिबात नाही. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी मानसशास्त्राचे छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले, मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्के यशस्वी म्हणून छापलेले, पुन्हा केल्यावर यशस्वी ठरले जेमतेम ३६ टक्के. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं छाती काढून उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, धाडस येतं, हे ऐकलं असेल, आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आम्हा चाळीस जणांना तसं उभं केलं होतं, शेजारचा म्हणाला आईची आठवण आली, रिझल्टच्या दिवशी ती अशीच उभी असायची. तर तो मूळ प्रयोग २०१० चा, माणसं फक्त ४२. २०१५ मध्ये दुसऱ्यांनी २०० जणांवर केला, लोकांना आपण पॉवरफुल आहोत असं वाटलं खरं, पण हार्मोन जागचे हलले नाहीत, आणि २०१६ मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच जाहीर सांगितलं की मला हा परिणाम खरा वाटत नाही. ट्रेनिंगवाल्यांपर्यंत ते पत्र काही पोचलेलं दिसत नाही.

माझ्या लेखी फरक इथे आहे. अंकशास्त्रातल्या कोणी 'आमचं चुकलं' असं छापल्याचं मी तरी वाचलेलं नाही. त्यामुळे मानसशास्त्राचं नाव काढून घ्यायची गरज मला वाटत नाही, त्याच्या नावावर जे काही खपवलं जातं त्याला नवीन शब्द हवा. आपल्याकडे आधी हे झालेलंच आहे, ज्योतिष या एकाच शब्दात ग्रहगणितही होतं आणि भविष्यही, मग गणिताचं खगोलशास्त्र झालं आणि उरलेल्याला आपण फलज्योतिष म्हणायला लागलो. तसंच एकवीस दिवसांत नवे तुम्ही, विश्वाकडे मागा म्हणजे मिळेल, स्वभावाच्या सोळा साच्यांपैकी तुमचा साचा ओळखा, या सगळ्याला फलमानसशास्त्र म्हणावं असं मी सुचवतो. फळाची हमी आधी, बाकी मग. इंग्रजीत याला पॉप सायकॉलॉजी म्हणतात, पण त्याचं 'लोकप्रिय मानसशास्त्र' केलं तर ती शिवी न वाटता जाहिरात वाटते. सेल्फ-हेल्पवरून 'स्वमदत' चालला असता, पण तो व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटांनी आधीच घेतलाय आणि ते बिचारे बरं काम करतात. सेल्फ-हेल्प ग्रुप म्हणजे तर बचत गट, तिथे पापड-लोणची.

दुसरा प्रश्न मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकच का. नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ हे आधी एमबीबीएस डॉक्टर, ते औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेले, ते चाचण्या आणि बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. पेपरवाले दोन्ही शब्द एकाच बातमीत एकाच माणसाला लावतात, तेवढं मनात दुरुस्त करून वाचायचं. आणि 'माइंड कोच'ला मराठी शब्द मागितलाय, तो राहू दे इंग्रजीतच.