'अनुवांशिक' खोडा, मग पुढचं बोलू

प्रश्न असा आलाय की व्हेटर्नरीच्या सेमिनारचा विषय आहे डुकरांच्या रक्तातलं ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, एन्झाइम्स यांचं जेनेटिक मॅपिंग, तर शीर्षकात 'अनुवांशिक नकाशा' लिहू की 'जनुकीय नकाशा'?

आधी ते 'अनुवांशिक' खोडा हो! टीव्हीवर तेच, पेपरात तेच, कान किटले. 'अनुवंश'ला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ' होतो, अनुमानचं आनुमानिक होतं तसं आनुवंशिक. मधल्या 'व'ला काना आला कुठून? काहीजण 'द्विवार्षिक' पुढे करतात, पण तिथे आधी आकडा आहे म्हणून वृद्धी पुढच्या शब्दात जाते, 'अनु' हा आकडा नव्हे. त्याहून हुशार मंडळी पाणिनीचा अनुशतिकादि गण, म्हणजे दोन्ही भागांत वृद्धी होणाऱ्या शब्दांची यादी, काढून 'आनुवांशिक' खपवतात, पारलौकिकमधे नाही का दोन्हीकडे वृद्धी, म्हणून. परलोक आहे त्या यादीत, अनुवंश दाखवा की.

आता खरी मजा. वंश म्हणजे मुळात बांबू! ऋग्वेदात इंद्राला वंशासारखं उंच उभारलं असं म्हटलंय, तिथे खानदान नाही, सरळ काठी आहे. वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्ती देणारा यास्क सांगतो वंश म्हणजे 'वनशय', वनात झोपणारा, आता यास्क कितीही मोठा असला तरी ही ओढाताणच, वनात काय फक्त बांबूच झोपतो? पाठीचा कणा तो पृष्ठवंश, आणि आपला घराचा वासा तोही ह्याच वंशाचा, म्हणजे घर फिरल्यावर जे फिरतात ते अक्षरशः वंशच. माझं मत विचाराल तर बांबूच्या एका पेरावर दुसरं पेर चढतं ते बघूनच कोणाला तरी पिढी सुचली असणार.

आणि मॅपिंगमधेही पेरच सापडतं बघा, जनुक नाही! डुकराला गुणसूत्रांच्या 19 जोड्या, दोन जातींचा संकर करायचा, नातवंडांचं रक्त तपासायचं, आणि कुठल्या दोन मार्करांच्या, म्हणजे गुणसूत्रावरच्या ओळखखुणांच्या, मधला तुकडा आला की रक्तातला आकडा वर जातो ते बघायचं. 1994 ला स्वीडनमधे रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट या पाळीव जातीच्या संकरातून चौथ्या गुणसूत्रावर चरबीचा असाच पट्टा मिळाला, नेमकं जनुक नव्हे. जर्मनीत मैशान आणि पिएत्रँ या डुकरांच्या जातींच्या संकरात रक्तातल्या घटकांसाठी हेच केलं. जनुकापर्यंत पोचलेली उदाहरणं आहेतच, सहाव्या गुणसूत्रावरचं आरवायआर१ हे जनुक, ते बिघडलं की डुक्कर ताण सोसत नाही आणि रक्तात क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं एन्झाइम चढतं, पण दरवेळी इतकं नशीब नसतं. म्हणून 'जनुकीय'ही नको.

हां, शीर्षक. 'आनुवंशिक मॅपिंग' लिहा, 'नकाशांकन' वगैरेच्या भानगडीत पडू नका, परीक्षकच अडखळेल.