वाचक विचारतात : ‘विक्रम’ उत्तर का देत नाही?

चंद्रावर गप्प झालेल्या लँडरशी, म्हणजे तिथे उतरणाऱ्या यानाशी, पुन्हा संपर्क कसा साधतात, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ कुठे पडला, हे चंद्राभोवती फिरणाऱ्या ऑर्बिटरला दोन-तीन दिवसांत कळलं होतं. मग त्याच्याशी संपर्क का झाला नाही? (सातारा)

जागा सापडली म्हणजे यंत्र शाबूत आहे असं नव्हे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ३० किलोमीटर उंचीवरून उतरण सुरू झाली. ७.४ किलोमीटरपर्यंत वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे होतं. पुढच्या टप्प्यात वेग अपेक्षेपेक्षा जास्त घटला. पाचही इंजिनांनी ठरल्यापेक्षा अधिक जोर दिला, त्यातून चुका साठत गेल्या, आणि त्या सुधारण्यासाठी यान जितक्या झपाट्याने वळायला हवं होतं तितकं वळण्यावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती. उतरायची जागाही फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर ठरलेली. शेवटी यान चंद्रावर आदळलं.

तरीही इस्रोने चांद्र दिवस (पृथ्वीवरचे जवळपास १४ दिवस) संपेपर्यंत साद घातली आणि नासाच्या खोल अंतराळ जाळ्यातल्या अँटेनांनीही संदेश पाठवले. ते योग्यच होतं. अँटेना वाकडी झाली असेल, पण वीज शिल्लक असेल, ही शक्यता तपासल्याशिवाय सोडता येत नाही. डिसेंबरात नासाच्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाच्या छायाचित्रांत अवशेष विखुरलेले दिसले. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांना त्यातला पहिला तुकडा मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटरवर सापडला होता. उत्तर द्यायला तिथे काही उरलंच नव्हतं.

प्रश्न : चांद्रयान-३ तर व्यवस्थित उतरलं होतं. रात्र संपल्यावर त्याला उठवायचा प्रयत्न नेमका कसा करतात? (नाशिक)

इथे गोष्ट वेगळी आहे. या लँडरचं नावही ‘विक्रम’च. त्याचा रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी गाडी, ‘प्रज्ञान’ २ सप्टेंबर २०२३ ला झोपवला आणि ‘विक्रम’ ४ सप्टेंबरला सकाळी आठच्या सुमारास. उपकरणं बंद, रिसीव्हर तेवढा चालू. ‘प्रज्ञान’ची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि पुढच्या सूर्योदयाचं ऊन पॅनेलवर पडेल अशा बेताने तो उभा केला होता. रात्र पृथ्वीवरच्या जवळपास १४ दिवसांची. त्या थंडीत बॅटरी उतरली की रिसीव्हरही बंद पडतो.

सकाळ झाल्यावर काय काय जुळून यावं लागतं ते पाहा. जागा ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणून सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो आणि यंत्र सावकाश तापतं. पॅनेलमधून पुरेशी वीज आली पाहिजे. ती मिळाल्यावर वीजनियंत्रण, मग रिसीव्हर, मग संगणक जागा झाला पाहिजे. इकडे बंगळुरूजवळच्या ब्यालालू केंद्रातली ३२ मीटरची अँटेना चंद्राकडे रोखून रेडिओलहर पाठवता येते. अशा वेळी एकच वारंवारिता धरून बसणं पुरत नाही. थंडीने रिसीव्हरमधला स्फटिक आपल्या ठरलेल्या वारंवारितेवरून सरकतो, त्यामुळे लहर थोडी खाली-वर सरकवत नेतात. रिसीव्हरने ती पकडली, तर मागोमाग ट्रान्समीटर चालू करण्याची आज्ञा जाते. उत्तर यायचं तर ते जाऊन-येऊन अडीच-पावणेतीन सेकंदांत येतं. दुसरी वाट चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरमार्फत. रोव्हरला मात्र थेट हाक मारता येत नाही. तो फक्त लँडरशी बोलतो.

यातली कुठलीही एक कडी तुटली, तरी जमिनीवर कळते ती शांतताच. कारण कळत नाही. म्हणून ऊन चढेल तसतसा पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. २२ सप्टेंबरपासून तो केला, पण प्रतिसाद आला नाही.

बिघडतं काय? लिथियम-आयन बॅटरीतलं द्रव गोठतं. सर्किट बोर्ड, डाख आणि चिप यांचे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात आणि सांधे तडकतात. यावर खरा उपाय म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची ऊब. सोव्हिएत ल्युनोखोद या चंद्रगाडीत ती होती, चीनच्या चांग-ई ४ यानातही आहे. चांद्रयान-३ चा लँडर मुळात एका चांद्र दिवसासाठीच बांधलेला होता, आणि तेवढं काम त्याने पूर्ण केलं. त्यामुळे तो उठला नाही याला अपयश म्हणणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : जपानचं चंद्रावर उतरलेलं ‘स्लिम’ यान मात्र उठलं. ते कसं? (पुणे)

‘स्लिम’ २० जानेवारी २०२४ ला नाकावर उतरलं आणि त्याची पॅनेलं पश्चिमेकडे राहिली. बॅटरी १२ टक्क्यांवर आल्यावर तिची जोडणी मुद्दाम तोडली, म्हणजे ती पूर्ण उतरून पुन्हा चालू होण्याची आशाच मावळू नये. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आलं आणि २८ जानेवारीला संपर्क परत जुळला. हा निर्णय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. पुढे तीन चांद्र रात्री ते टिकलं. गंमत म्हणजे २५ फेब्रुवारीला अडचण उलटी होती : भर दुपारी संपर्कयंत्रणा इतकी तापली होती की संभाषण लवकर आटोपावं लागलं. शेवटचा संपर्क २८ एप्रिलला झाला, आणि ऑगस्टमध्ये जपानने प्रयत्न थांबवले.

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ‘विक्रम’ला ऐकता येणार नाही का? (नारायणगाव)

नाही. ४५ मीटरच्या ३० अँटेना असूनही नाही, कारण त्यांची पल्ल्यातली वारंवारिता साधारण दीड गिगाहर्ट्झच्या आत आहे आणि ‘विक्रम’ दोन गिगाहर्ट्झच्या वर बोलतो. याच दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय ‘स्कियापारेली’चा क्षीण संदेश ऐकला होता, तो ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास होता, म्हणून जमलं.

चांद्रयान-३ च्या ‘विक्रम’चा एक भाग मात्र विजेशिवाय काम करतो. नासाने दिलेला, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा, आठ क्वार्ट्झ लोलकांचा परावर्तक त्याच्या अंगावर बसवला आहे. १२ डिसेंबर २०२३ ला सुमारे १०० किलोमीटरवरून एलआरओने त्यावर लेझर सोडला आणि प्रकाश परत आला.