तोंड फिरवलं की वाटी बाजूला

प्रिय,

काल रात्री साडेदहाला तुझा फोटो आला. वाटीत वरणभात जसाच्या तसा, खाली एक ओळ : 'काकू, पोरीने आज फक्त ७ घास खाल्ले.' आधी हसू आलं, मग रागच आला. घास मोजतोस? तू एक्सेलमध्ये तक्ता केलायस म्हणे, दिनांक, वेळ, पदार्थ, घास. अरे, मी अंगणवाडीत जन्मभर तक्तेच भरले, पण ते वजनाचे. घासांचा तक्ता सरकारलासुद्धा सुचला नाही रे.

तू चांगला बाप आहेस वगैरे लिहीत बसत नाही. चांगला नसतास तर रात्री साडेदहाला म्हातारीला उठवलं नसतंस. सरळ मुद्द्यावर येते. पोरीने तोंड फिरवलं की वाटी बाजूला. दुसऱ्या घासाची विनवणी नाही, 'हा शेवटचा' नाही, विमान नाही, मोबाईल तर नाहीच. तोंड फिरवलं, संपलं.

आता तू म्हणशील, पूर्वी खायची. खायचीच. जन्मली तेव्हा २.९ किलो होती, वाढदिवसाला ८.८. वर्षात तिप्पट! आणि आता दीड वर्षाची होताना ९.९. तूच पाठवलेले आकडे आहेत. पहिल्या वर्षाच्या वेगाने ती वाढत राहिली तर पाचव्या वर्षी तिला उचलायला क्रेन लागेल. दुसऱ्या अख्ख्या वर्षात मूल साधारण दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यात ती चालायला लागलीय, घरभर बघायला सतराशे साठ गोष्टी आहेत. वाटीपुढे बसायला तिला वेळ कुठे आहे?

दूध किती देता ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या बायकोला विचारलं, तर दिवसाला पाऊण लिटर! मग भातासाठी पोटात जागा राहणार कुठे? अर्ध्या लिटरच्या आत आणा. नुसत्या दुधावर वाढणाऱ्या पोरांच्या अंगात लोह कमी पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. दोन जेवणांच्या मधे हातात बिस्कीट द्यायचं, हेही बंद. एवढं केलंस तरी निम्मं काम होईल.

मोबाईल लावला की खाते, असं तू दोनदा लिहिलंस. ती खात नाही, तू ओततोस. डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडतं, पोट भरल्याचा निरोप येतो तो कुणी घेतच नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, पण मला त्यांचा आधार लागत नाही. अंगणवाडीत खिचडीच्या वेळी पोरं ओळीनं बसायची. 'घरी काही खात नाही हो' म्हणत आयांनी आणून सोडलेली पोरं ताटली चाटूनपुसून मोकळी व्हायची. आमच्या खिचडीला काही फार चव नव्हती. तिथे त्यांच्या तोंडाकडे कुणी बघत नसे, एवढंच.

आणि ते चिऊचा घास, काऊचा घास. तुझ्या आईला वाईट वाटेल, पण मला तीही लबाडीच वाटते. पोट पोरीचं आणि घास काऊचा! गाणं म्हणा, जेवण झाल्यावर म्हणा. ती 'पोरीची हाडं दिसायला लागली' म्हणून साताऱ्याहून व्हिडिओ कॉल करते ना, तिच्याशी मी बोलते. तू मधे पडू नकोस.

तू एवढंच करायचंस. तुम्ही जेवाल तेव्हा तिलाही जमिनीवर शेजारी बसवायचं, खाली जुनी चादर. तुमच्याच ताटातलं, तिखट पडायच्या आधी काढलेलं. मऊ भात, तूप, मेतकूट, पोळीचे तुकडे वरणात कुस्करून. हाताने खाऊ दे. भुवईला भात लागेल, कानात जाईल. पुसायला धावू नकोस. नवी भाजी थुंकली तर चार दिवसांनी परत एवढीशी ठेव, दहादा ठेवावी लागेल. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं मात्र चुकूनही नको, घशात अडकतात. काय द्यायचं, कधी द्यायचं ते तू ठरव. किती, ते तिचं पोट ठरवेल. वीस मिनिटांत जेवण आटपलं पाहिजे. आणि तोंड फिरवलं की वाटी बाजूला, मग आत तीन घास गेलेले असोत की तेरा.

वजन दोन-तीन महिने जागचं हललं नाही, गिळताना ठसका लागायला लागला, सारख्या उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, पोर मलूल पडली, तर माझं हे पत्र फाडून टाक आणि डॉक्टरांकडे जा. तसं काहीच नाहीये. मी तिला परवाच बघितली, माझ्या कुंडीतली माती खात होती.

एवढी ठाम कशी, असं तुला वाटत असेल. सांगते.

माझा मुलगा तुझ्या पोरीएवढा होता तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. सकाळी साडेआठची एसटी. तो काटकुळा, सासूबाईंचा धोशा, आणि 'दुसऱ्यांची पोरं मोजतेस, आपलं बघ' असे टोमणे. मी त्याला पायांवर आडवा घ्यायची, एका हातानं त्याचे हात धरायची आणि बोंडल्याने नाचणीची पेज ओतायची. तो रडायला तोंड उघडायचा, मी त्यातच ओतायची. एकदा नाकसुद्धा दाबलं. आणि तासाभराने अंगणवाडीत आयांना सांगायची, बायांनो, मुलांवर जबरदस्ती करू नका.

मी तरी काय करणार होते? गाडी चुकली असती तर पगार कापला जायचा. वजन वाढलं नसतं तर सगळे मलाच बोलले असते. आणि वाढलंही वजन, तक्त्यावर रेघ वर गेली. हे मी तुला का सांगत बसलेय कोण जाणे. त्या वेळी सगळ्याच जणी असं करायच्या.

आज तो चाळिशीला आलाय. नाचणीचा वास आला तरी उठून जातो. जेवायला बसला की मान खाली, पाच मिनिटांत ताट रिकामं, जसं काही कुणी घड्याळ लावलंय. मी वाढायला वाकले की डावा पंजा ताटावर आडवा धरतो. बोलत काही नाही. सूनबाईला वाटतं, ही त्यांची सवय आहे.

तेव्हा तो तक्ता आजच पुसून टाक. तिच्या डोळ्यांदेखत घास मोजायचे नाहीत, आणि पाठीमागेही नाहीत.

रविवारी तो येतोय. तुम्ही तिघंही या, चादर मी अंथरेन, फोन बाहेर चपलांपाशी ठेवायचे. पोरीकडे मी बघते. तू माझ्या हाताकडे लक्ष ठेव. त्याला दुसऱ्यांदा भात वाढायला गेले, तर डाव काढून घे.

काकू